सत्त्याहत्तरच्या आत

कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिल रोडवर उल्का खरातची पांढरी व्हॅन वळली की निम्मे दुकानदार आपापला वजनकाटा पुसायला घेत. कौन्सिलच्या वजनमापं खात्यात ती इन्स्पेक्टर होती. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर काटा बंद करायचा, हे तिचं काम. शिक्का मारताना ती हवापाण्याच्या गप्पासुद्धा मारत नसे, आणि दुकानदाराचा चहा तर मेली तरी घेत नसे.

हे खूळ तिच्यात आलं वडिलांकडून. भीमराव खरात, सगळ्यांचे दादा, साताऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे आले आणि पंचवीस वर्षं फाउंड्रीत लोखंड ओतून रिटायर झाले. त्यांच्या लहानपणी गावचा वाणी ओट्यावर, आतल्या बाजूला तागडी धरायचा आणि दादांची आई खाली रस्त्यात उभी राहायची. ओट्यावर चढायची तिला बंदी होती. काटा तिला जन्मात दिसला नाही. वाणी वरून पदरात टाकेल ते जोंधळे आणि तोंडानं सांगेल ते वजन. त्यामुळे कॉव्हेंट्रीत दोन टोमॅटो घ्यायचे असले तरी दादा काउंटरवर वाकून काट्याच्या तोंडाला तोंड लावायचे. शेजारी उभ्या असलेल्या लहान उल्काला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मोठेपणी तिला कारण कळलं आणि तिनं सरळ हीच नोकरी धरली. जिला काटा बघू दिला नाही तिची नात आता काट्यावर शिक्का मारते, हे दादा घरी येईल त्याला सांगायचे. जो यायचा नाही त्याला फोन करून सांगायचे.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये खात्यात एक फॅक्स आला आणि अख्खं ऑफिस हसत सुटलं. मेक्सिकोतल्या मल्लांचा ताफा तेव्हा इंग्लंडभर खेळ करत फिरत होता. शनिवारी कॉव्हेंट्रीत, एका जुन्या स्विमिंग बाथ्सच्या हॉलमध्ये त्यांचा मुक्काम होता आणि त्यात वेल्टर गटाचा पट्टा पणाला लागणार होता. तिकडच्या कुस्ती मंडळाचं म्हणणं असं, की दोघा मल्लांचं वजन तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानं तपासलेल्या काट्यावर, चारचौघांसमोर करावं आणि तसं सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं.

"रेसलिंगला सर्टिफिकेट!" साहेब डोळे पुसत म्हणाला. "उल्का, धिस वन्स युअर्स."

हसू तर उल्कालाही आलं होतं. दर शनिवारी चार वाजता दादा टीव्हीवर कुस्ती लावून बसायचे. अठ्ठ्याऐंशीत तो कार्यक्रम बंद झाला तेव्हा घरात आठवडाभर सुतक होतं. पण कोण पडणार हे आधी ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दादांच्या भाषेत नुरा कुस्ती. ठरवून पडणाऱ्यांची वजनं खरी असली काय आणि खोटी असली काय, असं तिला वाटलं. पण हुकूम तो हुकूम. शनिवारी सकाळी तिनं व्हॅनमध्ये दांडीचा मोठा काटा घातला, लोखंडाची वजनं घातली, आणि शेवटच्या क्षणी पुढच्या सीटवर कोट-टोपी घालून दादा स्वतःच येऊन बसले.

"दादा, आय अ‍ॅम वर्किंग."

"मग कर की. मी कुठं हात धरलाय तुझा?"

बाथ्सच्या तलावावर फळ्या टाकून मधोमध रिंगण उभं केलं होतं. खेळ चारला होता, वजन अकराला. पन्नासेक माणसं जमली होती. त्यात पंजाबी, गुजराती म्हातारे बरेच, आणि त्यांच्या पुढे खुर्ची ओढून दादा. भाषांतराला पॉलिटेक्निक कुणी स्पॅनिश येणारं पाठवणार होतं. दोन स्वेटर घालून, नाक लाल करून दारातून आली ती पुण्याची मंजिरी. मराठी माणूस जगात कुठे कडमडेल याचा नेम नाही.

"बरं झालं बाई," उल्का म्हणाली. "मी इथंच मोठी झाली, माझं मराठी सांभाळून घे."

"छान आहे की. हे बघ, तुझ्या कामाचं आहे." मंजिरीनं हातातला कागद उलगडला. "यांच्याकडे वजनाचे डझनभरापेक्षा जास्त गट आहेत. बावन्न किलोपासून सुरू. सत्तावन्न, त्रेसष्ट, सत्तर, असं चढत चढत पार शंभराच्या पुढे. आणि प्रत्येक गटाचा वेगळा पट्टा. आज आहे तो वेल्टरचा. सत्त्याहत्तर किलो. त्याच्यावर एक ग्रॅम नाही."

"बावन्न किलोचा चँपियन?" दादा खुर्चीतून ओरडले. ते स्वतः चौपन्न भरायचे. "पोरी, पुन्हा सांग."

"हो काका. तिकडे लहान चणीच्या माणसालाही लोक डोक्यावर घेतात."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या कुस्त्यांत शेवटी धिप्पाड माणूसच मोठा ठरला होता. प्रत्येक वजनाला आपापला राजा असू शकतो, ही गोष्ट त्यांच्या मनात उतरायला थोडा वेळ लागला.

खेळ भरवणारा रॉय पिकरिंग नावाचा गोरा होता. सदा हसतमुख, बोलणं तुपासारखं. त्यानं आधी आव्हान देणाऱ्या मल्लाला आणलं. डॅरेन, पंचवीस वर्षांचा, इथल्याच मिडलँड्समधला, उंच, अंगानं सडसडीत. मागून आला तो पट्टेवाला, आणि उल्काला खरं सांगायचं तर निराशा झाली. बुटका, पन्नाशी उलटलेला, गुडघ्याला पट्टी. तोंडावर मागून दोरीनं आवळलेला निळा मुखवटा आणि जबड्याच्या कडेनं शिवलेली पांढऱ्या दाण्यांची रांग. मुखवट्याच्या खालून खांद्यावर आलेले करडे केस. नाव माईस असूल, म्हणजे निळा मका. नऊ वर्षं पट्टा त्याच्याकडे होता. मक्याला घाबरायचं तरी कसं, असं मनात येऊन उल्का गालातल्या गालात हसली.

पण तो माणूस काट्यावर चढला नाही. चपला काढून काट्याजवळ आला, मंजिरीकडे वळून काहीतरी बोलला.

"म्हणतोय, आधी काटा तपासून दाखवा."

उल्का ते करणारच होती. पण आजवर कुणी मागितलं नव्हतं. तिनं वीस किलोची तीन लोखंडं चढवली, मग दहा, मग पाच, मग दोन. सत्त्याहत्तर. दांडीवरचं सरकवजन सत्त्याहत्तरच्या खाचेत बसवलं. दांडी दोनदा हलली आणि मधोमध स्थिर झाली. त्या वेळी निळा मुखवटा खाली वाकला. गुडघा दुखत असणार, कारण एक हात त्यावर ठेवून, पार वाकून, त्यानं दांडीच्या टोकाला डोळे लावले आणि बराच वेळ बघत राहिला.

उल्काच्या अंगावर काटा आला. असं वाकून बघणारा जगात एकच माणूस तिला माहीत होता, आणि तो पलीकडे खुर्चीत बसला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. दादा उभे राहिले होते.

डॅरेन पंच्याहत्तर किलो आठशे भरला. मग निळा मका चढला. दांडी वर उडाली आणि वरच राहिली. उल्कानं सरकवजन हलवून नीट बघितलं. सत्त्याहत्तर किलो, सहाशे चाळीस ग्रॅम.

रॉयनं तिला बाजूला घेतलं. "लव्ह, सत्त्याहत्तर लिहून टाक. तिकडे तर दहा-दहा किलो जास्त भरणारे पट्टे मिरवतात, कुणी विचारत नाही. हा फक्त शो आहे."

"मग माझी सही कशाला हवी?"

डॅरेनही खांदे उडवून म्हणाला की त्याची काही हरकत नाही. म्हणजे कुणाचीच नव्हती. एक सही, आणि सगळे जेवायला मोकळे. उल्कानं कागद मंजिरीकडून वाचून घेतला. जास्त भरलेल्याला दोन तासांची मुदत. तेवढ्यात वजनात बसला नाही तर पट्टा त्याचा राहत नाही, लढतीशिवाय जातो.

सहाशे चाळीस ग्रॅमसाठी नऊ वर्षांचा पट्टा. उल्काला त्या म्हाताऱ्याची कणव आली आणि एकदम तोडगा सुचला. रोजचाच होता. डब्यासकट तेल तोललं तर डब्याचं वजन वजा करतात. ऑफिसात त्याला टेअर म्हणतात, घरी दादा धडा म्हणायचे.

"मंजिरी, त्याला सांग, मुखवट्याचा धडा करूया. त्याच्याकडे दुसरा असेलच. हा काढून तो घालू दे, आत जाऊन. मी ह्याचं वजन करते आणि मायनस करते. तीनशे ग्रॅम तरी कमी होतील. पर्फेक्टली लीगल."

मंजिरीनं सांगितलं. मुखवट्यातले डोळे उल्कावर थांबले. मग तो हळू, एकेक शब्द उच्चारत बोलला. मंजिरीचा चेहरा उतरला.

"म्हणतोय, चड्डी उतरव म्हण, गुडघ्याची पट्टी सोड म्हण, सोडतो. हे कापड नाही, हा माझा चेहरा आहे. बाईसाहेब वजन करताना चेहरा बाजूला काढून ठेवतात का?"

उल्काचे कान तापले. आयुष्यभर कुणाचा अपमान होऊ नये म्हणून काटा धरणारी ती, आणि मदत करायला जाऊन तिनं एका माणसाचा चेहरा तेलाच्या डब्याच्या हिशेबात टाकला होता. ती "सॉरी" म्हणाली. त्यानं हात छातीवर ठेवून मान लववली आणि तळघरातल्या बॉयलररूमचा रस्ता विचारला.

पुढचे दोन तास उल्का कधी विसरली नाही. बॉयलररूमचं दार उघडं होतं. तीन स्वेटर, वर प्लास्टिकचा रेनकोट, आणि दोरीवरच्या उड्या. दोरी जमिनीवर आपटायची तो आवाज एका लयीत यायचा, तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दोन दिवस तो पाण्याचे घोट मोजून पीत होता, असं त्याच्या बरोबरच्या माणसानं मंजिरीला सांगितलं. अंगातून गाळायला आता फारसं पाणी उरलंच नव्हतं. पन्नाशीचा माणूस, दुखरा गुडघा, आणि वर एक गोरा प्रत्येक वेळी सांगतोय की राहू दे, कुणी विचारत नाही.

बाराला, पट्टी सोडून, नुसत्या लंगोटावर वजन झालं. दोनशे वीस जास्त. पाऊण वाजता साठ. साठ ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम येईनासा झाला होता.

दांडीचं टोक केसभर वर होतं. उल्काचं बोट दांडीपासून दोन इंचांवर. नखानं नुसतं टेकवलं असतं तरी दांडी खाली आली असती. दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिला ते करावंसं वाटलं, अगदी पोटातून वाटलं. तिनं हात मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला. बाहेर राहिला असता तर काय झालं असतं, याची तिला खात्री नव्हती.

"साठ जास्त," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. मग ताफ्यातल्या कपडे शिवणाऱ्या बाईकडे जाऊन कात्री मागितली. बाईनं तोंडावर हात धरला. दोघांची हळू आवाजात थोडी हुज्जत झाली. शेवटी तिनं कात्री दिली आणि तो भिंतीकडच्या न्हाणीघरात शिरला, दार लावून.

"काय चाललंय?" उल्कानं विचारलं.

मंजिरी दाराकडे बघत राहिली. "केस कापतोय. उल्का, यांच्यात केस जाणं म्हणजे अब्रू जाणं. मुखवटा नसलेले मल्ल केस पैजेवर लावतात. हरला त्याचे भर रिंगणात भादरतात आणि लोक हुर्यो करतात. हा तेच स्वतःच्या हातानं करतोय."

आत कात्रीचा आवाज येत होता. दाट केसांतून चालणाऱ्या कात्रीचा तो चरचर आवाज दोघी ऐकत उभ्या राहिल्या. उल्काला दादांचा तो उन्हाळा आठवला, विहारात दहा दिवस श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, होऊन राहिले होते तेव्हाचा. डोकं तासून आले होते आणि घरात सगळे हसले होते, पण त्या दहा दिवसांत दादा कसे हलके हलके चालायचे ते तिनं पाहिलं होतं.

दार उघडलं. हातात ब्राउन पेपरची पिशवी, तोंड दुमडलेली. मुखवट्याच्या खाली नुसती मान. पाच मिनिटं उरली होती. पिशवी शिवणाऱ्या बाईला देऊन तो काट्यावर चढला, हात अंगाशी धरले आणि श्वास सोडला. दांडी वर गेली. थांबली. मग झोपेतून कूस बदलावी तशी सावकाश खाली आली, मधली रेघ ओलांडून किंचित खाली, आणि तिथेच राहिली.

"सत्त्याहत्तरच्या आत," उल्का म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली नाही.

पंजाबी म्हाताऱ्यांनी आरोळी ठोकली. तिनं सर्टिफिकेटवर सही केली, शिक्का मारला. दादा जवळ आले होते.

"कशानं गेलं गं शेवटचं वजन?"

ज्या मुलीनं वडिलांपासून कधी काटा लपवला नव्हता तिनं शिवणाऱ्या बाईच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "घामानं," ती म्हणाली.

दादांनी तिच्याकडे बघितलं, मग मुखवट्याच्या पाठीमागच्या दोरीकडे. दोरी आता चार बोटं जास्त आवळलेली होती. "हां," ते म्हणाले. "घामच तो."

चारला खेळ सुरू झाला आणि उल्का घरी गेली नाही. दादांच्या शेजारी बसली. तो थकलेला म्हातारा दोरांवर चढून आडवा उडाला, डॅरेनच्या मानेला पाय अडकवून गोल फिरला, हात न टेकता उभा राहिला. नुरा असेल, पण पाठ जमिनीवर आपटली की फळ्यांखालचा रिकामा तलाव घुमायचा. तीनपैकी दोनदा चीत करणारा जिंकणार होता. पहिली चीत त्यानं मारली. दुसरी डॅरेननं. उल्का किंचाळत होती. तिला तो पट्टा त्याच्याकडेच राहायला हवा होता. साठ ग्रॅमचं ते सगळं फुकट जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या वेळी डॅरेननं त्याला खांद्यावरून फेकलं आणि दाबून धरलं. एक, दोन, तीन. निळा मका हरला.

उल्का तडक मागच्या पॅसेजमध्ये गेली. तो बाकावर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. मंजिरी शेजारी.

"विचार त्याला. हरणार हे माहीत होतं?"

मंजिरीनं विचारायची गरज पडली नाही. "महिन्यापूर्वीच ठरलं होतं, उल्का. इंग्लंडच्या टूरवर पट्टा इथल्या माणसाला द्यायचा, असं ताफ्याच्या मालकांनी लिहून दिलेलं आहे. रॉयनं आत्ता सांगितलं मला."

"मग कशासाठी? पट्टा जाणारच होता तर असाच जाऊ द्यायचा होता! पाणी नाही, ते केस..."

त्याला शब्द कळले नसतील, पण राग कळला. त्यानं मंजिरीला जवळ बोलावलं आणि बराच वेळ बोलला. मंजिरी थांबत थांबत सांगत गेली.

"म्हणतो, कोण जिंकणार ते मालक ठरवतात. टाळ्या किती ते लोक ठरवतात. वजन तेवढं मी आणतो, ते माझं. मी हा पट्टा ज्याच्याकडून घेतला, तो त्या सकाळी तापानं फणफणलेला होता. त्यालाही हरणार हे माहीत होतं. तरी वजनात बसून आला. मी जास्त भरलो असतो तर पट्टा काट्यावरच गेला असता आणि ह्या पोराच्या हातात नुसतं कातडं आलं असतं. मला चँपियन म्हणून हरायचं होतं."

उल्का भिंतीला टेकली. आपण सकाळी हसत आलो होतो, हे तिला आठवलं. ठरवून पडणाऱ्यांच्या त्या धंद्यात एक गोष्ट खरी होती, आणि ती खरी ठेवायला या माणसानं स्वतःच्या डोक्यावर कात्री चालवली होती, जिथे कुणालाही दिसणार नव्हतं. एवढा मोठा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. सत्त्याहत्तर किलो, आणि तेही जेमतेम.

हॉलमध्ये परत आली तेव्हा काटा अजून तिथेच होता. ती लोखंडं उचलून पेटीत ठेवू लागली. दादा मदतीला वाकले. तेवढ्यात पॅसेजमधून डॅरेन आला, कमरेला पट्टा, मागून लंगडत निळा मका, आणि म्हाताऱ्याचं मघाचं बोलणं डॅरेनला इंग्रजीत सांगत मंजिरी. रॉय फोटोसाठी हाका मारत होता. डॅरेन थांबला नाही.

"मिस," तो म्हणाला, "पुन्हा एकदा कराल? प्लीज."

"तुझं झालंय सकाळी. पंच्याहत्तर आठशे."

"माहीत आहे."

त्यानं बूट काढले. पट्टा सोडला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. काट्यावर चढून सरळ उभा राहिला. रॉय हसला, बाकी कुणी हसलं नाही. उल्कानं सरकवजन खाचेत बसवलं. दांडीच्या एका बाजूनं दादा वाकले, दुसऱ्या बाजूनं, गुडघ्यावर हात ठेवून, तो वाकला.

"पंच्याहत्तर चारशे," उल्का म्हणाली.

निळ्या मुखवट्यानं डॅरेनच्या कमरेला पट्टा बांधला, बक्कल दोनदा ओढून पाहिलं आणि दोन शब्द बोलला.

"काय म्हणाला?" डॅरेननं विचारलं.

"उद्या सकाळी पुन्हा कर, म्हणतोय," मंजिरी म्हणाली.